टाकीतलं विरजण

सकाळी साडेनऊला सुनंदा वहिनीचा फोन आला. शंकरदादा गेला, पोलादपूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी वेळ विचारली, कारण विचारलं. बातमीदारीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या तोंडी आधी तेच येतं. दादाच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

दादा माझा चुलतभाऊ. वाडीवरची शेती सांभाळून महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीवर पाळी करायचा. टाकीत एका बाजूने घाण पाणी सतत येतं, दुसरीकडून जातं. मधल्या वेळात जिवाणू ती घाण खातात. पाणी जोराने आलं, तर वाढण्याआधीच ते वाहून जातात. गेल्या वर्षी टाकी नव्याने सुरू करताना दादाने बी म्हणून घरच्या गोठ्यातलं शेण नेऊन कालवलं. तसं करतातच. पण जिवाणूंचे तळाशी बसणारे पुंजके धरेनात, पाणी गढूळच बाहेर पडे. तेव्हा त्याने कोणालाही न विचारता पाणी ढवळून त्यात हवा मिसळणाऱ्या पंख्याचा वेग निम्मा केला आणि कोपऱ्यातला दुसरा पंखा बंदच करून टाकला. साहेबांनी जाब विचारला, तर म्हणाला, "साहेब, विरजण लावलंय. आताच घुसळायचं नाय."

आठवड्याभरात पुंजके धरले, पाणी निवळलं. बंद पंख्याच्या कोपऱ्यात मात्र गाळ बसून सडला. दह्याला हवा लागत नाही, या जिवाणूंना लागते. दादाची बदली गेटवर झाली. कॅन्टीनमध्ये त्याला 'ताकवाले' म्हणू लागले. तोही हसायचा, असं सांगतात...

शेवटच्या भेटीत मात्र तो हसत नव्हता. "तू पेपरात व्हतास. कोनाला तरी विचार रे... माझं चुकलं का?" विचारतो, म्हणालो. विचारलं नाही.

तेराव्यानंतर विचारलं. या विषयातले एक जाणकार म्हणाले, पुंजके नाजूक असतात, जोराच्या ढवळणीने फुटतात. वेग कमी केला ते बरोबर, पंखा बंद केला ती चूक. मला हायसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, त्या आठवड्यात पाणी किती येत होतं? चौकशी केली. कारखान्याचा एक विभाग दुरुस्तीसाठी बंद होता, पाणी कमीच येत होतं. तसं असेल तर, ते म्हणाले, टाकी कशाने सावरली हे आता सांगता येणार नाही. मंद ढवळण्यानेही असेल, कमी पाण्यानेही. वहिनीला यातलं काय सांगायचं, मला अजून कळलेलं नाही...

परवा टाकीवर गेलो. दादाच्या जागी आता प्रकाश आहे. पंख्याचा वेग विचारला.

"दादांनी ठेवला तेवढाच हाय. वाढवायला सांगितलंय वरून. धीर होत नाय."

काचेच्या उंच भांड्यात त्याने टाकीतलं पाणी भरून ठेवलं होतं. अर्ध्या तासात गाळ किती बसतो, ते पाहायचं असतं. जवळून बघायला मी हात पुढे केला.

"हलवू नका," प्रकाश म्हणाला. "दादा ओरडतील."

मी हात मागे घेतला. गाळ बसायला अजून वीस मिनिटं होती. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.