ह्यांचं इंजिन

माझ्या नवऱ्याने न बनवलेलं इंजिन पांढुर्ण्यात फार गाजलं.

आमच्या मुलाने, निखिलने, पुण्याहून वडिलांच्या वाढदिवसाला ते पाठवलं होतं. वीतभर लांबीचं, पण खरोखर वाफेवर चालणारं! पोटात पाणी भरायचं, खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, पाणी उकळलं की परातीएवढ्या गोल रुळांवर स्वारी छुकछुक निघाली. ह्यांनी ते दोनदा चालवलं, दोनदा बोट भाजून घेतलं आणि मग सौंसरच्या आमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात, चिनी मातीच्या दोन हरणांच्या मध्ये त्याला कायमचं उभं केलं. आल्यागेल्याला सांगायचं, "पोरानं पाठवलं." संपली हौस.

माझा जीव मात्र त्या इंजिनाकडे पाहून कासावीस व्हायचा. कारण ते हिरवंगार होतं, त्यावर सोनेरी रेघा होत्या आणि ते नवरदेवासारखं चकाकत होतं. मी रामाकोन्याची. तिथल्या स्टेशनावर माझ्या बाबांचं चहाचं दुकान होतं आणि छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी आमच्या दाराशी उभी राहायची. त्या गाडीचं इंजिन मी लहानपणी रोज पाहिलं आहे. ते कधीही, कुठल्याही कोनातून, चकाकलं नाही! अंगावर काजळी, चाकांवर गंज, पाण्याच्या टाकीखाली क्षाराचे पांढरे ओघळ. आमच्या कपाटातलं ते इंजिन म्हणजे इंजिनाचं लग्नातलं सोंग होतं.

एके दुपारी हे ऑफिसात गेल्यावर मी कपाट उघडलं.

पहिल्यांदा बारीक पॉलिश पेपरने चकाकी घालवली. मग दिव्यावर ताटली धरून काजळी जमवली (आमच्या आईने निखिलसाठी काजळ पाडलं होतं तसंच), ती गोंदात कालवून धुराड्यावर चढवली. चाकांना विटकरीची वस्त्रगाळ भुकटी. टाकीखाली खायच्या चुन्याचे ओघळ, एका केसाच्या टोकाने ओढलेले. खरा दगडी कोळसा खलात कुटून चहाच्या गाळणीने गाळला आणि मागे भरला. (त्यानंतर आठवडाभर आमचा आल्याचा चहा राखाडी निघत होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या घरात माझ्या हातचं काहीच कोणाच्या लक्षात येत नाही.) आत मातीचा एक ड्रायव्हर बसवला, गळ्यात लाल दोऱ्याचा गमछा.

आणि शेवटी ती मूठ काढली. वाफ चालू-बंद करायला कारखान्याने एक लाल मूठ बसवली होती, ड्रायव्हरच्या डोक्याच्या दुप्पट! म्हणजे खऱ्या इंजिनात ती भोपळ्याएवढी झाली असती. मी तिच्या जागी टाचणीएवढी बारीक तार बसवली, तिलाही गंज चढवला. आता ती मीच लावलेल्या वीस तारांमधली एक तार दिसत होती. कोणती, ते फक्त मला ठाऊक!

रोज दुपारी थोडंथोडं करत असे तीन महिने गेले. एका रविवारी ह्यांनी कपाटाकडे पाहिलं.

"शोभा! इंजिनाले काय झालं? जळलं का काय?"

"जुनं केलं."

"जुनं केलं? लोक जुन्याचं नवं करून राहिले, अन् तू नव्याचं जुनं करून राहिली? पोरानं एवढं हौसेनं पाठवलं, तू त्याचं भंगार करून ठेवलं!"

ते बोलतच होते, तेवढ्यात शेजारचे वानखडेकाका पेपर मागायला आले. त्यांची नजर कपाटावर गेली आणि ते तिथेच खिळले.

"अरे बापा! हे तं आपल्या छोट्या लाईनचंच इंजिन! हुबेहूब! कोणं बनवलं हे?"

ह्यांच्या चेहऱ्यावरचा भंगारवाला क्षणात नाहीसा झाला.

"आम्हीच," हे म्हणाले. "घरीच."

त्या 'आम्ही'त मी होते, असं मला वाटलं. वेडी! पहिल्या आठवड्यात 'आम्ही बनवलं' होतं. दुसऱ्या आठवड्यात 'बनवलं घरी, वेळ मिळाला तसं' झालं. महिनाभरात 'मी म्हटलं, एवढं चकाकते कसं, थोडं खरं दिसलं पाह्यजे' इथपर्यंत गाडी आली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायची आणि माझ्याच चुन्याच्या ओघळांचं वर्णन ह्यांच्या तोंडून ऐकायची. वर्णन छान करायचे, हे कबूल केलं पाहिजे.

एकदा रात्रीच्या जेवणात मी विषय काढलाच.

"काहून खोटं बोलून राहिले तुम्ही?"

"खोटं काय त्याच्यात? लोक म्हणतात, मी फक्त नाही म्हणत नाही. अन् तू न् मी काय वेगळे हाव का?"

भांडी घासायची वेळ आली की आम्ही वेगळे असतो. पण ते असो.

मग आले आमचे नंदोई. ह्यांच्या मोठ्या बहिणीचे, मंदाताईंचे यजमान. पांढुर्ण्याला मोठ्या लाईनवर गार्ड. ते रिटायर होणार होते आणि त्याच्या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन आले होते. जन्मभर रेल्वेत काढलेला माणूस! तो इंजिनापुढे चष्मा वर-खाली करत पाच मिनिटं वाकून उभा राहिला.

"सुधाकर, हात हाय का जादू हाय तुझा?"

"त्याचं काय हाय भाऊजी, धीर लागते याच्यात."

"भाऊजी, ती काजळी मीच..." मी तोंड उघडलं.

"हो हो, काजळी हिचीच होती," हे घाईने म्हणाले. "घरच्या बाईची थोडीफार मदत होतेच."

थोडीफार! मी पोह्यांची प्लेट इतक्या जोरात ठेवली की वरची लिंबाची फोड उडून भाऊजींच्या मांडीवर पडली. त्यांनी ती शांतपणे पोह्यांवर पिळली आणि म्हणाले, "बस्स, ठरलं. माह्या कार्यक्रमात हे इंजिन चालवाचं. स्टेजवर. माह्या केकभोवती!"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "चालवाचं कसं, ते तरी पाहून घ्या. मी बदल केले त्याच्यात."

"माह्याच इंजिनाचं मले शिकवते का?"

मी हात जोडले आणि साडीला इस्त्री करायला गेले.

पांढुर्ण्याचा तो हॉल गच्च भरला होता. स्टेजवर मोठं टेबल, त्यावर मी जोडलेले गोल रूळ, मधोमध हिरव्या झेंडीच्या आकाराचा केक. बाजूला शाल-श्रीफळाचं ताट, कागदी गुलाबांची आरास. मागच्या खोलीत पाणी मी भरलं, दिवा मी पेटवला, वाफ मी चढवली. मग ह्यांनी हातरुमालाने इंजिन धरून समोर नेलं आणि मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

निवेदक म्हणाला, "आपल्या सौंसरचे कलाकार, श्रीयुत सुधाकरराव!" टाळ्या. ह्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. (लग्नात माझ्या वडिलांपुढेही एवढी लववली नव्हती.)

भाऊजींनी स्वतः हिरवी झेंडी दाखवली. हे इंजिनावर वाकले आणि लाल मूठ शोधू लागले.

लाल मूठ नव्हती.

मला तिसऱ्या रांगेतून त्यांचा कान दिसत होता. तो लाल झाला. ते या तारेला टोच, त्या नळीला ढकल, असं करत राहिले. लोकांना वाटलं, कलाकार शेवटचा हात फिरवतोय. एवढ्यात कशी कोण जाणे, बरोबर तीच तार हलली आणि इंजिन निघालं!

काय दिसत होतं म्हणून सांगू! काळंकुट्ट धुराडं, भुरभुर वाफ, चुन्याचे ओघळ, आतला गमछेवाला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "माय व! असं वाटते की आता रामाकोना येईन!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला कोपराने ढोसून सांगावंसं वाटलं की हे मी केलंय. पण तिने टाळ्या वाजवत ह्यांच्याकडे पाहिलं, आणि पाणी आटलं.

दोन फेऱ्या झाल्या. वाफ चढत होती आणि इंजिनामागे डबे नव्हते. मग वेग वाढणारच.

"वा! आता थांबव रे सुधाकर, केक कापू," भाऊजी म्हणाले.

"थांबवतो ना," हे म्हणाले आणि टेबलाभोवती पळू लागले.

इंजिन पुढे, हे मागे. एकदा हात घातला तर शिटीच वाजली. पुन्हा टाळ्या! दुसऱ्यांदा चटका बसला. "स्स्!" तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली आणि सगळ्या हॉलमधून बरोबर माझ्याकडे पाहिलं.

लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे असं कधीच पाहिलं नव्हतं. सगळं त्या नजरेत होतं: कुठून थांबते? सांग ना! पण तोंडाने विचारायची सोय नव्हती. ज्याने बनवलं तो कसा विचारणार?

मी पदर सारखा केला.

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. पुढची एक फेरी मी अक्षरशः चवीने पाहिली. ती फेरी मला महाग पडली. इंजिन वळणावर कलायला लागलं, आतला ड्रायव्हर थरथरताना दिसला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की पणाला लागलंय ते ह्यांचं नाक नाही, माझं इंजिन आहे! मी उठले, ओरडले, "डावीकडची खालची तार!"

"कोणती डावीकडची? माही का इंजिनाची?"

संपलं. इंजिनाने रूळ सोडले, केकमध्ये डोकं खुपसलं आणि उताणं झालं. दिव्यातलं स्पिरिट सांडलं. त्याची ज्योत निळी, दिव्यांच्या उजेडात कोणाला दिसेना. दिसली ती थेट कागदी गुलाबांनी पेट घेतल्यावर! मग एकच पळापळ. भाऊजींनी जन्मभराच्या सवयीने खिशातून शिटी काढून वाजवली आणि लाल झेंडी हलवली. आग काही थांबली नाही. शेवटी मंदाताई जेवणाच्या बाजूने मठ्ठ्याचं पातेलं घेऊन धावत आल्या आणि केक, शाल, श्रीफळ, इंजिन आणि आमचे हे, सगळ्यांवर ते उपडं केलं.

जळक्या केकचा आणि आंबट ताकाचा वास. हॉलचा मालक स्टेजवर चढला.

"कोणं बनवलं हे?" तो कडाडला.

ह्यांनी एका क्षणाचाही विलंब लावला नाही. मठ्ठा निथळणारा हात उचलला आणि भाजलेलं बोट माझ्याकडे रोखलं.

"हिनं! सगळं हिनं केलं! काजळी हिची, गंज हिचा, ती तारही हिचीच! मी हातसुद्धा लावला नाही त्याले!"

दीडशे माणसं वळून माझ्याकडे पाहू लागली. हे वाक्य चारचौघांत ऐकायला मी किती दिवस तरसले होते! आणि मी मूर्खासारखं काय केलं असेल? मी दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने, ज्याला मुळीच ऐकू येत नाही, टाळ्याही वाजवल्या.

सौंसरच्या बसमध्ये इंजिन टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर होतं. ह्यांच्या बोटांना टूथपेस्ट फासलेली. खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे पाहून झाल्यावर हे म्हणाले,

"तुले माहीत होतं ना, कुठून थांबते ते?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही आधी विचारलं काहून नाही?"

कंडक्टर आला, ह्यांनी दोन तिकिटं काढली. एवढं मात्र अजून ते दोघांचं काढतात.

पंधरा दिवसांनी भाऊजी आमच्याकडे आले. मला वाटलं, हॉलवाल्याची तक्रार घेऊन आले. पण ते सरळ कपाटापाशी गेले. इंजिन मी अजून दुरुस्त केलं नव्हतं. हातच जात नव्हता. धुराडं वाकलेलं, रंगाचे फोड आलेले, पोटाखाली खरीखुरी काजळी, आणि टाकीवरून मठ्ठ्याचे वाळलेले ओघळ. भाऊजींनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाले,

"वहिनी, राग नका मानू. आधीचं तुमचं काम चांगलंच होतं. पण इंजिन खरं दिसून राहिलं ते आता! सुधाकर, हे काम तुह्यावालं, मानलं तुले!"

हे खुर्चीत सावरून बसले.

ते गेल्यावर मी भिंग लावून पाहिलं. तीन महिने एका केसाने चुना ओढूनही जे साधलं नव्हतं, ते तिथे होतं. आता कोणी आलं आणि "कोणं बनवलं?" म्हणून विचारलं, की हे माझ्याकडे पाहतात आणि चहाचा ट्रे ठेवता ठेवता मीच सांगते, "ह्यांनी." काय करणार, आता ते खोटंही राहिलं नाही!