पंपानंतरची चूळ

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच – सांगणार तरी कुठे? दोन खोल्या, आम्ही तिघं, आणि तिसऱ्या माझ्या सासूबाई.

आई खाडीकाठच्या कोळी, जन्म मासळी विकण्यात गेला. मी साताऱ्याकडची, कालवण त्यांनीच शिकवलं. घरची रीत अशी, की आधी आईंनी चाखायचं, मग बाकीच्यांनी जेवायला बसायचं. गेल्या वर्षी त्या चाखताना तोंड वाकडं करू लागल्या. "झोंबतंय गो," म्हणत वाटी सरकवायच्या, नणंदेच्या सासरच्यांसमोरसुद्धा! माझं डोकंच फिरलं. मिरची कमी केली नाही मी. मुद्दाम.

पण मला सांगायचंय ते याच्या आधीचं.

आईंना दमा. मानपाड्याच्या डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला, तेव्हा आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर मला म्हणाले, दर वेळी पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायला सांगा, नाहीतर तोंडात बुरशी धरते. तेव्हा आमचा अबोला चालू होता – कशावरून, तर कोलंबी कुणी साफ करायची यावरून. मी पंप मुकाट्याने त्यांच्या हातात ठेवला.

अबोला सुटला तेव्हा चूळ आठवली होती का? हो – आठवली होती. पण आता सांगितलं तर विचारतील, इतके दिवस का नाही बोललीस? म्हणून गप्प बसले. जितकी गप्प बसले, तितकं सांगणं अवघड झालं.

शेवटी आईंना भातही गिळवेना. नवरा आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी टॉर्च मारला, जिभेवरचा पांढरा थर कापडाने पुसला. खाली लालभडक, सोललेलं. ती मिरची तिथे लागत होती.

"चूळ भरत नाहीत का?" त्यांनी मला विचारलं. नवरा शेजारीच उभा होता.

"सांगितलं होतं. आई ऐकतच नाहीत," मी म्हटलं.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "माजाच चुकला, डाक्टर."

तोंडात लावायच्या औषधाने त्या बऱ्या झाल्या. नवरा अजून त्यांना दटावतो – ती सांगते ते ऐकत जा. आई रोज पंप घेतात, मोरीत चूळ भरतात, मग माझ्यासमोर येऊन तोंड उघडून दाखवतात.

मी बघते. "हं," म्हणते.