बर्फातली मेंढी

सांगलीतल्या आमच्या फिल्म क्लबात आम्ही सगळे प्राध्यापक, डॉक्टर, वकील, म्हणजे आपल्याला सिनेमा कळतो असं समजणारे. माझा एक मित्र तेवढा वेगळा. कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. घराणं आटपाडीकडचं, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं. सिनेमा संपला की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघायचो. वीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो.

एका रविवारी सकाळी मी एका कोरियन दिग्दर्शकाचा सिनेमा लावला. या माणसावरून समीक्षकांत उभे दोन तट. कुणी थोर म्हणतं, कुणी विकृत. मी अर्थातच थोरवाल्यांत. सिनेमात एक मेंढी पाय बांधून गोठलेल्या नदीवर टाकलेली असते. लांबलचक दृश्य, संगीत नाही, नुसतं तिचं ओरडणं. तो उठून उभा राहिला.

"बंद कर गड्या. तिला खरंच बांधलीया."

"अरे, सिनेमा आहे तो."

"तुला सिनेमा कळतो, मला मेंढरू कळतं. ह्यो आवाज नाटकातला न्हाई."

लोक हसले. तो चप्पल घालून निघून गेला.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण गप्प बसेन तर मी कसला. क्लबच्या पत्रकात मी पानभर लेख लिहिला. बर्फ, माणसाचं एकटेपण, वगैरे. शेवटी लिहिलं, 'काहींची नजर मेंढीच्या पायांपाशीच अडकते, त्याला दिग्दर्शक काय करणार?' सगळ्यांनी पाठ थोपटली. तो पुन्हा क्लबात आला नाही. मीही फोन केला नाही. रुसायचं तर रुसू दे, म्हटलं. बघता बघता चार वर्षं गेली.

यंदा त्या दिग्दर्शकाच्या नट्या बोलायला लागल्या. सेटवरच्या मारहाणीबद्दल बोलल्या, आणि त्या मेंढीबद्दलही. तिला खरंच बांधलं होतं. क्लबात पुन्हा वाद पेटला. माणूस वेगळा, कलाकृती वेगळी, असं जो तो तावातावानं सांगत होता. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि कुपवाडला त्याच्या घरी गेलो. तो दारात खुर्ची टाकून बसला होता. खूप वाळला होता. त्याच्या बायकोनं आतून पाणी आणून दिलं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तू म्हणालास ते खरं होतं. बांधली होती तिला."

त्यानं माझ्या हातातला रिकामा पेला घेऊन खाली ठेवला. मग म्हणाला, "मग, जगली का ती?"

तो सिनेमा मी चार वेळा बघितला होता. त्यावर पानभर लिहिलं होतं. दृश्य संपल्यावर तिचं काय झालं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"जा आता," तो म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.