नदीवरचा बेडूक

चाळिशी ओलांडलेली, जिना चढताना गुडघे धरणारी माणसं इंटरनेटवर जमतात आणि तावातावाने भांडतात. विषय काय, तर फार पूर्वी जपानमधल्या घरगुती कॉम्प्युटरसाठी निघालेला, तिथेही धड न खपलेला एखादा मारधाडीचा खेळ कुठल्या मशीनवर जास्त चांगला चालायचा. एका गृहस्थांनी नायकाच्या विजारीच्या रंगावर चार परिच्छेद लिहिले आहेत. दुसरे म्हणतात, मूळ खेळात पडदा उचक्या दिल्यासारखा सरकतो तीच खरी कला, गुळगुळीत सरकणारा पडदा म्हणजे निव्वळ बाजारूपणा. नाकाने कांदे सोलावेत तर या मंडळींनी. मीही त्यांच्यातलाच आहे. विजारीच्या वादात माझं मत निळ्या रंगाला पडलं होतं.

एरवी माझं मंचरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी येतात, त्यांत मी नवी तार भरतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा तारांची भेंडोळी बाजूला सारून लॅपटॉप उघडतो. बायको म्हणते, "ह्यांचं पारायण सुरू झालं." तिला वाटतं, मी तरुणपण शोधतोय. खरं तर मला एक बेडूक नव्हताच, एवढंच सिद्ध करायचं होतं.

ते सांगायचं तर मागे जायला लागेल. मंचरच्या पेठेत एका शेठचं भांड्यांचं दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. दुकानामागच्या खोलीत, पितळी घागरींच्या शेजारी, त्यांनी टीव्ही आणि व्हिडिओ गेम मांडला होता. तासावर खेळायला मिळायचं. त्यातल्या एका पिवळ्या कॅसेटवर सगळं जपानीत लिहिलेलं होतं. नायकाच्या हातात कोयत्यासारखं काहीतरी होतं, म्हणून आम्ही त्याला 'कोयतेवाला' म्हणायचो. कोयतेवाला डोंगर चढायचा, वटवाघळं मारायचा आणि तिसऱ्या टप्प्यावर हमखास मरायचा. सातवीच्या वर्गात या खेळातला सगळ्यात तरबेज कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी माझं नाव सांगितलं असतं. कुणी विचारत नव्हतं, तरी मी सांगायचो.

वर्गात माझ्या शेजारी बसणारा एक मित्र होता. त्याचे वडील बाजार समितीत कांद्याच्या गोण्या तोलायचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. भाद्रपदातल्या एका सकाळी हा मित्र एकटाच खेळायला गेला आणि दुपारी शाळेत येऊन म्हणाला, तिसरा टप्पा पार केला. पुढं नदी लागते. नदीतून म्हशीएवढा बेडूक वर येतो, छत्री उघडतो, कोयतेवाला त्याच्या पाठीवर बसतो आणि पलीकडे जातो. मारामारी नाही, काही नाही.

सगळा वर्ग हसला. मी सगळ्यात मोठ्याने हसलो, कारण माझ्या आधी कुणी नदी गाठावी हेच मला सोसत नव्हतं.

दसऱ्यानंतर मीही नदीपर्यंत पोचलो. कोयतेवाला काठावर जाऊन उभा राहिला आणि चित्राच्या चिंध्या झाल्या. आडव्या पट्ट्या, एक लांब सूर, आणि सगळं ठप्प. पुन्हा खेळलो, पुन्हा तेच. दहा-बारा वेळा तेच झाल्यावर मी निकाल देऊन टाकला की खेळ इथंच संपतो आणि बेडूक ही थाप आहे. शेठच्या दुकानासमोर, पाचसहा पोरांदेखत, मी मित्राला म्हणालो, "घे आईची शपथ."

त्याने गळ्याची कातडी चिमटीत धरली. "आईशप्पथ. बेडूक व्हता. छत्री पण व्हती."

त्या दिवसापासून तो 'बेडक्या' झाला. हे बारसंही मीच केलं. आमच्याकडे माणसाला एकदा असं नाव चिकटलं की ते सरणावरच जळतं. पुढे त्याच्या लग्नात माईकवाल्याने "नवरदेव बेडकभाऊ मंडपात यावेत" अशी हाक दिली, तेव्हा वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनाही ते वावगं वाटलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही नुसती पोरकट गंमत झाली असती. पण दिवाळीनंतर त्याच्या आईला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. संक्रांतीच्या आत ती गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण मी उचलली जीभ लावली टाळ्याला. शाळेच्या नळावर, हात धुता धुता, मी म्हणालो, "खोटी शपथ भोवली." मी तेरा वर्षांचा होतो, असं सांगून सुटता येईल. पण तेराव्या वर्षी मला शपथ म्हणजे काय ते कळत होतं, आई म्हणजे काय तेही कळत होतं. ते वाक्य मी चांगलं ऐकू जाईल असं बोललो.

ते आप्पांपर्यंत पोचलं. दिवस झाल्यावर आप्पा मुलाला घेऊन शेठच्या दुकानात आले. मुलाचं डोकं भादरलेलं होतं. शेठ म्हणाले, "आप्पा, पोरांचं बोलणं काय मनावर घेता?" आप्पा म्हणाले, "मला दावा." रिमोट माझ्याच हातात होता. त्या दिवशी मी एकदाही मेलो नाही, जन्मात खेळलो नव्हतो इतका चांगला खेळलो. कोयतेवाला नदीवर आला, पट्ट्या आल्या, सूर लागला. आप्पा थोडा वेळ त्या पट्ट्यांकडे बघत उभे राहिले आणि मुलाचा हात न धरता बाहेर पडले. मला तेव्हा आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

नंतर आप्पांनी तोलाई सोडली आणि दोन्ही मुलांना घेऊन ते राजुरीला, आपल्या शेतीवर गेले. मित्र आता तिथे कांदा आणि टोमॅटो करतो. लग्नाकार्यात भेटतो, मला "काय राव" म्हणून मिठी मारतो. मनात काही धरून ठेवायची कला त्याला येत नाही. मागच्या वर्षी एका लग्नात जिलेबी खाता खाता तो सहज बोलून गेला, "पितरांच्या पंधरवड्यात नवमीला आईचं पान धाकटा ठेवतो. मी ठेवलं तर कावळा शिवायचा न्हाई, म्हणत्यात आप्पा." आणि हसला. माझी जिलेबी तशीच ताटात राहिली.

तर अशा कारणाने मी जुन्या खेळांच्या नादी लागलो. बेडूक नसेल तर थाप त्याची, त्यात माझा काय दोष, असा माझा हिशोब. बऱ्याच खटपटीनंतर मूळ जपानी खेळ मिळाला. पडदा खरंच उचक्या देत सरकत होता. नदी आली. तिथे एक होडी होती, होडीत टोपीवाला नावाडी. बेडूक नव्हता! मी दुकानात एकट्याने टाळी वाजवली आणि ग्रुपवर लिहून टाकलं, की आमच्या गावात एक जण या नदीवर बेडूक बघितल्याच्या थापा मारायचा.

अर्ध्या तासात विजारवाल्या गृहस्थांचं उत्तर आलं. ते लिहितात, मूळ कॉम्प्युटरच्या खेळात होडी आहे हे बरोबर. पण तोच खेळ टीव्हीवरच्या मशीनसाठी पोर्ट केला, तेव्हा तिथे जागा अपुरी पडली. पोर्ट म्हणजे थोरल्याची विजार उसवून धाकट्याला शिवणं, कापड कुठेतरी कमी पडणारच. होडी आणि नावाडी कापले गेले. त्यांच्या जागी कुणीतरी छत्रीवाला बेडूक घातला. हा मूळ कलाकृतीचा घोर अपमान असून, त्यावर ते लवकरच सविस्तर लिहिणार आहेत.

तो पोर्ट मिळवायला दोन दिवस गेले आणि नदीपर्यंत पोचायला तीन दुपारी. हातही पूर्वीचे राहिले नाहीत. कोयतेवाला काठावर उभा राहिला. पाणी हललं. म्हशीएवढा बेडूक वर आला, त्याने लाल छत्री उघडली आणि पाठ पुढे केली. समोर एक शेतकरी मोटर घेऊन उभा होता, त्याला मी काय बोललो ते आठवत नाही.

मग आमची कॅसेट नदीवर का मरायची? विजारवाल्यांनी विचारलं, कॅसेटचे कॉन्टॅक्ट, म्हणजे खालचे धातूचे दात, स्वच्छ होते का? पुढचे टप्पे दुसऱ्या चिपमध्ये असतात. तिकडे जाणारा एखादा दात खराब झाला, की खेळ तिथे पोचताच कोलमडतो. मी रोज लोकांना हेच सांगतो, कॉन्टॅक्ट साफ ठेवा, मोटर जळायची नाही. आणि तेव्हा मला खंडेनवमी आठवली.

त्या वर्षी आम्ही पोरांनी शेठच्या खोलीत पूजा मांडली होती. शेठ म्हणाले होते, "आमच्यात पूजा दिवाळीला असते." मी म्हणालो, "आमच्यात हत्यारं आजच पुजतात, आणि कोयता ह्या कॅसेटीत आहे." शेठ ओरडत होते की पाणी लावू नको. मी पाणी लावलंच नाही. पंचामृत लावलं. पळीने, थेट त्या चकचकीत दातांवर, वर हळदकुंकू, वर अक्षता. नंतर सदऱ्याच्या टोकाने पुसून कॅसेट परत खोचली. मित्राने बेडूक बघितला तो त्याआधी, भाद्रपदात. दूध-दही-मध-साखरेचा मुलामा माझ्या हातचा.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन राजुरीला निघालो. आळेफाट्यावर उजवीकडे वळेपर्यंत दोनदा परत फिरावंसं वाटलं. मित्र कांद्याच्या चाळीपाशी भेटला. मी तिथेच गोणीवर लॅपटॉप ठेवून त्याला बेडूक दाखवला. तो खाली बसला. छत्रीकडे बघत म्हणाला, "लाल व्हती. मला वाटायला लागलं व्हतं, स्वप्नच पडलं व्हतं मला." मग उठून म्हणाला, "आप्पांना दाव."

आप्पा पडवीत बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पण नजर तोलाईवाल्याचीच. मी सगळं सांगितलं, होडी, पोर्ट, चिप, आणि बेडूक दाखवला. आप्पांनी नीट बघितलं. बेडूक पलीकडच्या काठाला लागेपर्यंत बघितलं.

"आजकाल काय पण बनवत्यात," ते म्हणाले. "परवा नातवानं दावलं, बिबट्या मोटारसायकल चालवत व्हता. मागं बायको बसलेली."

मी म्हणालो, हा तीस वर्षांपूर्वीचा खेळ आहे, आत्ता कुणी बनवलेला नाही.

"मी त्या दुकानात उभा व्हतो. माझ्या डोळ्यांनी बगितलं. व्हता का बेडूक?"

आता माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही उरलं नाही. लॅपटॉप मिटला. मित्र दाराला टेकून उभा होता. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

"आप्पा," मी म्हणालो, "ती कॅसेट मी बिघडवली. खंडेनवमीला तिच्यावर पंचामृत ओतलं. शेठ नको म्हणत व्हते, तरी ओतलं. ह्यानं बेडूक बगितला तो त्याच्या आदी. आन शपथ भोवली, हे मीच म्हणालो व्हतो, शाळेच्या नळावर. माझ्याआदी नदी गाठली म्हणून मला सोसवलं न्हाई."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. लॅपटॉपकडे बघत होते तसं नाही, गोणी काट्यावर चढवून बघावी तसं. विश्वास बसला असावा, कारण असलं काही स्वतःबद्दल कुणी उगीच बनवून सांगत नाही. मला वाटलं, आता शिवी येईल. ती आली असती तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि दाराकडे वळवली.

"मंग तवाच का न्हाई सांगितलंस?" त्यांनी मुलाला विचारलं.

"सांगितलं व्हतं, आप्पा."