पॉन्सियानोची पांढरी तार

पॉन्सियानोइतका बेकार तारवाला क्योतेरात दुसरा नव्हता, असं गावात कुणीही सांगेल. मी नाही सांगणार. हाजी सेन्कुंगूच्या व्हिडिओ हॉलसमोर मी सोळा वर्षं चपात्या लाटल्या, आणि त्या हॉलच्या पत्र्याला जेवढी भोकं होती तेवढ्यांतून आत डोकावले. मला माहीत आहे तो काय होता.

तो यायचा गळ्यात तारांचं भेंडोळं घालून. कुठलीही तार त्याने कधी घाईने खुपसली नाही. टोक आधी शर्टाला पुसायचं, फुंकर मारायची, मग हलकेच फिरवत आत सारायचं. वीज गेली की अंधारात चाचपून जोडता यावं म्हणून पिवळ्या तारेला त्याने एक गाठ मारलेली, लाल तारेला दोन. पांढरीला गाठ नव्हती.

"हिला का रे नाही?" मी एकदा विचारलं.

"ती मातियाची. ती हाताला कळते," म्हणाला. माणूस मुलखाचा अबोल. एवढं बोलला म्हणजे त्या दिवशी भाषणच झालं म्हणायचं.

मातिया त्याचा धाकटा भाऊ. चिनी असो, अमेरिकन असो, सिनेमा लागला की हा माईक घेऊन पडद्याशेजारी बसायचा आणि तिथल्या तिथे सगळं आमच्या लुगांडा भाषेत सांगायचा. नुसतं सांगून थांबेल तर तो मातिया कसला! एकदा गोळी लागून मरणाऱ्या गुंडाच्या तोंडी त्याने घातलं, "नाल्वोगाची चपाती पचवलीय मी, ही गोळी काय चीज आहे!" अख्खा हॉल हसून लोटपोट. मी लाटणं घेऊन आत गेले, तर तो माईकवरच ओरडला, "पळा रे, खरी खलनायिका आली!" त्या मेल्यावर कधी रागावताच यायचं नाही.

प्रत्येक खेळाआधी तो माईकवर विचारायचा, "दादा, ऐकू येतंय का?" मागे मशीनपाशी बसलेला पॉन्सियानो हात वर करायचा. मग खेळ सुरू.

त्या आवाजावर हाजीचा डोळा गेला. हाजी माणूस वाईट नव्हता, हावरट होता. त्याने एक रेकॉर्डर आणला आणि पॉन्सियानोला बोलावून म्हणाला, "सिनेमा आणि मातियाचा आवाज, दोन्ही कॅसेटवर घे. मी कालिसिझोला दुसरा हॉल काढतोय. तिथे कॅसेटच बोलेल."

संध्याकाळी दोघे भाऊ माझ्या बाकड्यावर बसले होते.

"दादा, आवाज एकदा कॅसेटमध्ये गेला ना, की हाजीला मी कशाला हवा? तिथेही नको, उद्या इथेही नको."

"हं."

"हं काय? माझ्या गळ्याशिवाय मला दुसरं येतं काय? शपथ घे, माझा आवाज कॅसेटवर जाऊ देणार नाहीस."

पॉन्सियानोने चपातीचा तुकडा खाली ठेवला आणि शपथ घेतली.

तेव्हापासून रोज एकच नाटक. रेकॉर्डरला तीन तारा लागायच्या: पिवळीतून चित्र, लालमधून सिनेमाचा आवाज, पांढरीतून मातिया. हाजी रेकॉर्डर चालू करून, कानाला हेडफोन लावून जातीने उभा राहायचा. मातियाचा आवाज आला, की खूश होऊन तिकिटं फाडायला दाराशी जायचा. त्याची पाठ वळली, की पॉन्सियानो पांढरी तार उपसून काढायचा. हॉलमध्ये मातिया दणक्यात ऐकू यायचा, कॅसेटवर त्याच्याशिवाय नुसता सिनेमा जायचा.

हाजी कॅसेट लावून बघायचा आणि कपाळ बडवायचा. कंपालाहून नव्या तारा आणल्या, नवा रेकॉर्डर आणला. "अरे गाढवा, तुला तीन तारा सांभाळता येत नाहीत?" भर बाजारात तो ओरडायचा. पॉन्सियानो म्हणायचा, "तार खराब असेल, हाजी." एक्केचाळीस कॅसेटींनंतर हाजीने नाद सोडला. कॅसेटी पॉन्सियानोच्याच अंगावर फेकल्या. गावात मात्र त्याचं नाव बद्दू झालं ते झालंच. लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावायला त्याला कुणी बोलवेना. मातियाला वाईट वाटायचं, तर हा म्हणायचा, "तू बोलत राहा."

गेल्या वर्षी मासाकाच्या रस्त्यावर मातिया बसलेल्या बोडाबोडाला, त्या भाड्याच्या मोटरसायकलला, एका ट्रकने उडवलं. जागच्या जागी गेला.

त्यांची आई नाम्पीमा चर्चची बाई. व्हिडिओ हॉल म्हणजे सैतानाची पडवी, असं तिचं मत. पोराच्या कामाला तिने कधी काम म्हटलं नाही. तो जिवंत असताना एकदाही ऐकायला आली नाही. तो गेल्यावर मात्र लोक भेटायला यायचे आणि हटकून एखादा त्याचं वाक्य सांगून हसायचा, मग रडायचा. म्हातारी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. वर्षाने ओलुम्बे ठरला. त्या दिवशी मेलेल्याचा वारस बसवतात आणि मरणाला घराबाहेर काढतात. तिने थोरल्याला हाक मारली.

"तुझ्याकडे त्याच्या कॅसेटी आहेत ना? त्या दिवशी लाव. मी ऐकलं नाही रे त्याला. मरण बाहेर घालवायच्या आधी एकदा ऐकू दे."

पॉन्सियानो तडक माझ्याकडे आला. मी पीठ मळत होते, माझ्यासमोर बसून ढसाढसा रडला. "त्यात तो नाही, नाल्वोगा. मीच उपटलाय त्याला. एक्केचाळीस वेळा."

"मग सांग आईला."

"तू सांगशील?"

मी नाही सांगितलं. लाज वाटते, पण खरं ते हे.

ओलुम्बेच्या दिवशी काकाच्या मुलाला वारस म्हणून झाडाच्या सालीच्या वस्त्रावर बसवलं, मटोक्याचं, म्हणजे उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं, जेवण झालं, ढोल थांबले. दुपारी केळीच्या सावलीत टीव्ही मांडला, दोन बाजूंना दोन स्पीकर. नाम्पीमाने आपली चटई डाव्या स्पीकरला अगदी लागून ओढली. पॉन्सियानो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"आई, कॅसेटवर मातिया नाही. तोच नको म्हणाला होता. मी रोज तार काढायचो."

म्हातारीने विचारलं, "तो त्या वेळी तिथे होता ना?"

"होता."

"मग लाव. तो होता तेव्हाचं काहीतरी ऐकू दे."

त्याने पिवळी जोडली, उजव्या स्पीकरची लाल जोडली. डाव्या स्पीकरची पांढरी हातात धरून थांबला. तिच्यात काही नव्हतं, तरी अर्धी जोडणी त्याच्याच्याने होईना. टोक शर्टाला पुसलं, फुंकर मारली, फिरवत आत सारली.

पडद्यावर मुंग्या आल्या. आणि डाव्या स्पीकरमधून, अगदी नाम्पीमाच्या कानाशी, मातिया बोलला, "दादा, ऐकू येतंय का?"

पॉन्सियानोचा हात आपोआप वर गेला.

त्या प्रश्नाला त्याने कधी मातियाचं बोलणं म्हणून धरलंच नव्हतं. ती तार तपासणं होतं. हाजी हेडफोन लावून उभा असायचा तोवरचं, पण तेवढं कॅसेटवर गेलेलं.

म्हातारी स्पीकरकडे वळली. दोन्ही हातांनी तो धरून म्हणाली, "येतंय रे बाळा, येतंय. बोल!"

कट् असा आवाज झाला. डावा स्पीकर गप्प झाला. उजव्यातून सिनेमातले घोडे दौडू लागले.

"काय झालं? का थांबला?" म्हातारी थोरल्याला विचारू लागली. "बोल म्हटलं ना मी. पॉन्सियानो, का थांबला तो?"

पॉन्सियानोचा हात अजून वरच होता. तो म्हणाला, "मी तार काढली, आई."