हिरव्या चुड्याचं माप

गोदे, लिंबागणेशला दर्शनाला जाते म्हणून मी घरातून निघाले, तवा तू उंबऱ्यात बसून शेंगा फोडत व्हतीस. "माय, पेढा आण," म्हणालीस. वर बघितलंसुद्धा न्हाईस. दर्शन मी घेतलं, तेवढं खोटं बोलले न्हाई. पेढाबी घेतला. पण देवळाबाहेर शिरूरचे कासार गाडी जुंपून निघाले व्हते, ज्यांना तू मामा म्हणायचीस. मीच म्हणाले, मला न्या. जालन्याला रेल्वेत बसलो आन् हैदराबादेत उतरलो.

आजीनं सांगितलं असंल, रंडक्यानं भुलवून नेली. चाळिशीला टेकलेली बाई भुलती व्हय गं? वर्सानुवर्सं ते आपल्या ओसरीवर बांगड्या भरायला यायचे. एकदा बांगडी चढवताना म्हणाले, "दुखतंय का?" तुझ्या बापाच्या घरात चार बाळंतपणं झाली माझी, पण हे कुनी इचारलं न्हवतं. दुखत व्हतं की, लई दुखत व्हतं!

मग मी सणाची वाट बघायला लागले. पंचमीला बांगड्या भरल्या, रीतीपरमानं कासाराला नमस्कार करायला वाकले, तर ते पाय मागं घेऊन उठलेच. "तुमचा नमस्कार आता मला घेववत न्हाई," म्हणाले. आजी दारातच व्हती. त्या दिवसापासून माझं ओसरीवर येणं बंद झालं.

इथं आमी लाखेच्या बांगड्या करतो. भट्टीपुढं बोटं पोळतात. शेजारची आपा "खाना हुआ क्या, पारूबाई?" इचारती, मीबी "हौ" म्हणते. तिकडं मला नावानं हाक मारणारं कुनी न्हवतं. सुखात हाय, कावून लपवू? पण भाकरी थापताना तुझी आठवण आली की एक भाकरी जास्तीची थापली जाती.

शिरूरहून माल न्यायला आलेला माणूस म्हणाला, तुला सातवा लागलाय. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा माहेरचा लागतो. तो मी करणार. पण तुझा हात मला ठाऊक हाय तो नऊ वर्सांचा. त्या मापाची बांगडी आता तुझ्या बोटांवरच अडकंल.

लोक इचारतात, घर कुठं? मी बीडकडं बोट दाखवते. पण मला ना तो उंबरा पायजे, ना ती ओसरी. तुझं मनगट केवढं झालं, तेवढं कळू दे. चिठ्ठी लिहू नकोस, एक जुनी बांगडी पाठव. वाढलेली असली तरी चालंल. तुकडा हाती आला, तरी पुरी गोलाई काढता येती मला.