गळकं भात

दुलिमायच्या हातांना डोळे आहेत, असं फिलिपिन्समधल्या इफुगावच्या डोंगरात कुणीही सांगायचं. कापणीआधी तिनं एकटीनं खाचरात उतरायचं, छोट्या सुरीनं एकेक लोंबी कापून तळहातावर आपटायची. दाणे सुटले तर ती खायला, धरून राहिले तर बियाण्याला. बियाण्याच्या जुड्या बांधून झाल्या, की मगच बाकीच्यांनी कापणी धरायची. हे तिला आईनं शिकवलं, तिनं लेकीला, इन्हाबीला.

ती इन्हाबी पहिल्याच बाळंतपणात गेली. बाळही गेलं. रिवाजाप्रमाणे मेलेल्या लेकीला खांबांवरच्या घराखाली खुर्चीत बसवलं होतं आणि दुलिमाय तिच्या पायाशी. आल्यागेल्याला जेवू घालायचं म्हणून जावांनी कोठार उघडलं आणि बियाण्याच्या जुड्याही कांडून शिजवल्या. कुठल्या जुडीला हात लावायचा नाही हे जाणणाऱ्या दोघीच. एक मेलेली, दुसरी मेल्यासारखी. कुणाच्या नावानं बोटं मोडणार!

"माझ्याकडचं बी घे गं," शेजारीण तिनावे म्हणाली.

"लोकांचं बी माझ्या आईच्या खाचरात? मी अजून जिवंत आहे, बाई!"

हट्टी ती हट्टीच. तिनं कापणी झालेल्या खाचरातले गळलेले दाणे टोपलीभर वेचले आणि तेच पेरले. दुःखात माणसाची अक्कल चरायला जाते, दुसरं काय! गळलेला दाणा गळणाऱ्या रोपाचा, नाहीतर बांधावरच्या रानभाताचा. आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जी खोड बाहेर काढली, तीच हिनं स्वतःच्या हातानं परत आणली.

भात डौलात वाढलं, पिकलं, आणि पहिल्याच वाऱ्याला दाणे टपटप चिखलात पडले. दुलिमायनं एका लोंबीला बोट लावलं, तर हातात नुसती काडी उरली.

"आई गं, काय केलं मी हे!" ती बांधावर मटकन बसली.

मग उठली आणि दिवसभर लोंबी लोंबी आपटत फिरली. नवरा, गिन्यांग, बोलवायला आला तेव्हा तिच्या हातात दाणे धरून राहिलेल्या मूठभर लोंब्या होत्या.

"एवढ्याशानं काय होणार गं?"

"पहिल्यांदा बी निवडणाऱ्या बाईच्या हातातही एवढंच असेल. दर साली निवडत गेलं की होतं."

"मग झालं तर! रडतेस कशाला?"

"तिनं निवडलं, मग तिच्या लेकीनं, मग नातीनं," दुलिमाय म्हणाली. "मी हे कुणाच्या हातात देऊ हो?"

जुडी बांधायला काहीतरी शोधतो म्हणून गिन्यांग बांधाच्या पलीकडे गेला, आणि बराच वेळ परत आला नाही.